कागद कुठला, ते आधी बघ

गेल्या आठवड्यात आगरदांड्याच्या जेट्टीवर दिघीला जाणाऱ्या फेरीबोटीची वाट बघत उभा होतो. शेजारच्या आळीतला एक पोरगा भेटला. एसी दुरुस्तीचं काम शिकलाय, हात चांगला आहे त्याचा. म्हणाला, "काका, दुबईचं झालं. पुढल्या महिन्यात निघतोय."

"व्हिसा कसला?"

"आता विझिट आहे. तिकडं पोचलो की एजंट वर्किंगचा करून देणार."

"आणि पैसे?"

तो नुसता हसला. तेवढ्यात बोट लागली, मोटारसायकली आत शिरायला लागल्या आणि बोलणं अर्धंच राहिलं. ते अर्धं बोलणं इथे पुरं करतोय. एकट्या त्याच्यासाठी नाही, आपल्या पंचक्रोशीतल्या सगळ्यांसाठी.

आपल्याकडे कुणी परदेशी निघाला की दोनच प्रश्न विचारतात. कुठे चाललास? पगार किती? पण आपल्या किनाऱ्याचा सव्वाशे वर्षांचा इतिहास बघितला, तर माणसाचं नशीब ठरलंय ते तिसऱ्या प्रश्नावर: कागद कुठला?

सुरुवात दक्षिण आफ्रिकेपासून करू. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून रत्नागिरी, कुलाबा आणि आपल्या हबसाणातून, म्हणजे जंजिरा संस्थानातून, कोकणी मुसलमान कुटुंबांतले पुरुष केप टाउनला जायला लागले. कुणी मजुरी केली, कुणी फळं-भाजी विकली, कुणी छोटं दुकान टाकलं. उसाच्या मळ्यांवर करार करून नेलेले गिरमिटिये वेगळे. हे लोक स्वतः भाडं भरून गेलेले.

तिथल्या सरकारला हे लोक नको होते. पण तसं उघड लिहायचं नव्हतं. म्हणून नाताळ वसाहतीने 1897 मध्ये आणि केपने 1902 मध्ये कायदा केला की येणाऱ्याला युरोपीय भाषेत अर्ज लिहिता आला पाहिजे. मराठी, उर्दू, गुजराती उत्तम लिहिणारा माणूसही त्यामुळे अडाणी ठरला. पुढे 1906 च्या केपच्या कायद्यात ज्यू लोकांची यिडिश भाषा युरोपीय म्हणून मान्य झाली. आपल्या भाषांना ती सवलत नव्हती. कायद्यात 'भारतीय' हा शब्द न घालताही दार बंद करता येतं, ते असं.

जे आधीच तिथे राहत होते, त्यांच्यासाठी दुसरा फास होता. गावी यायचं, तर निघण्याआधी परवाना काढायचा. त्यावर फोटो, माणसाचं वर्णन आणि परतण्याची मुदत. मुदतीत परत गेलात तर तुम्ही तिथले रहिवासी. मुदत चुकली तर इतक्या वर्षांची कमाई, दुकान, ओळखीपाळखी सगळं मागे आणि तुम्ही बंदरावर उपरे. आता विचार करा. माणूस गावी येतो कशाला? लग्नाला, आजारपणाला, घराच्या वादाला. यातलं काय मुदतीत आटपतं?

आपल्या भागाची आणखी एक गंमत होती. गंमत कसली, अडचणच. 1948 मध्ये विलीनीकरण होईपर्यंत आगरदांडा हे जंजिऱ्याच्या नवाबाच्या राज्यात. त्यामुळे इथला माणूस ब्रिटिशांच्या लेखी 'ब्रिटिश प्रजाजन' नव्हता, तो 'ब्रिटिश संरक्षित व्यक्ती' होता. रेवदंडा-अलिबागचा माणूस एका वर्गात आणि आपण दुसऱ्या वर्गात. पहिल्या महायुद्धात पासपोर्टची सक्ती आली, 1920 मध्ये हिंदुस्थानात पासपोर्टचा कायदा झाला आणि मग हा फरक कागदावर छापून यायला लागला. तोंडावळा तोच, बोली तीच, दर्या तोच. कागद वेगळा.

मग आलं आखात. 1973 नंतर तेलाचे भाव चढले, तिकडे रस्ते, बंदरं, इमारती उभ्या राहायला लागल्या आणि कोकणातली घरंच्या घरं रिकामी झाली. माझे वडीलही सौदीला गेले. त्यांचा व्हिसा 'आझाद'. नाव किती छान! प्रत्यक्षात आझादी काही नाही. व्हिसा एका कफीलच्या, म्हणजे प्रायोजकाच्या नावावर. त्याच्याकडे काम नाही. काम दुसरीकडे शोधायचं आणि वर्षाला कफीलला पैसे द्यायचे. पासपोर्ट त्याच्या कपाटात. देश सोडायचा तर त्याच्या संमतीने 'खुरूज' काढायचा.

आजोबा वारले तेव्हा तार गेली. वडील आले सात महिन्यांनी. कफील आधी भेटेना, मग पैसे वाढवून मागायला लागला. आल्यावर ते कुणाशी फार बोलले नाहीत. आजोबांची काठी कोपऱ्यात होती, ती उचलून माळ्यावर ठेवली, एवढंच आठवतं. केपच्या परवान्याबद्दल पुढे वाचलं तेव्हा मला ती काठीच आठवली. तिकडे परत जायची मुदत, इकडे घरी यायची परवानगी. दोन्हीकडे माणूस कागदाला बांधलेला.

2013 मध्ये सौदीने नियम कडक केले आणि एकाच्या व्हिशावर येऊन दुसऱ्याकडे राबणाऱ्यांना ठरावीक मुदत दिली: कागद नीट करा, नाहीतर निघा. हजारो भारतीय परतले. वर्षानुवर्षं 'चालतं' म्हणून जे चाललं होतं, ते काही महिन्यांत चालेनासं झालं.

आता आपल्या पोराच्या विझिट व्हिशाकडे येतो.

एजंट अगदीच खोटं बोलतोय असं नाही. संयुक्त अरब अमिरातीत विझिटवर गेलेल्या माणसाला नोकरी मिळाली, तर तिथेच व्हिसा बदलून घेता येतो. पण वर्क परमिट हातात येईपर्यंत काम करणं बेकायदा. 2024 मध्ये तिथला कायदा आणखी कडक झाला. परमिट नसलेला कामगार ठेवला तर मालकाला एक लाखापासून दहा लाख दिरहमपर्यंत दंड. म्हणजे शहाणा मालक तुला कामावर घेणार नाही, आणि जो घेईल तो तुला उजळमाथ्याने पगार देईल का? मुदत संपूनही राहिलास तर रोजचे पन्नास दिरहम दंड, तो तुझ्या खिशातून.

दुसरी गोष्ट घरच्या कायद्याची. आपला 1983 चा उत्प्रवासन कायदा आखाती भरतीत मजुरांची जी लूट चालली होती, त्यातून आला. दहावी न झालेल्याच्या पासपोर्टवर 'ईसीआर' असतं. अशा माणसाला आखातासह 18 देशांत नोकरीला जायचं तर प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सची मंजुरी लागते. तिथे करार बघितला जातो, मालक कोण ते बघितलं जातं. सोबत प्रवासी भारतीय बीमा योजनेचा दहा लाखांचा विमा, दोन वर्षांचा हप्ता 275 रुपये. पण ही सगळी राखण आहे नोकरीच्या व्हिशावर जाणाऱ्याला. विझिटवर गेलास की सरकारच्या लेखी तू फिरायला चाललेला पाहुणा. तुझा करार कुणी बघितलेला नाही. आणि दहावी झालेल्याचा करार तर असाही कुणी सक्तीने तपासत नाही. तो त्यानेच वाचायचा.

म्हणून निघण्याआधी चार गोष्टी बघ. व्हिशावर जे काम लिहिलंय, तेच काम करायला चाललायस का? ज्या कंपनीचं नाव आहे, पगार तीच देणार का? नोकरी बदलायची किंवा घरी यायचं झालं, तर कुणाची परवानगी लागेल? आणि एजंटचा परवाना सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर दिसतोय का? नोंदणीकृत एजंटला सेवाशुल्क जास्तीत जास्त तीस हजार रुपये अधिक जीएसटी घेता येतं, आणि त्याची पावती द्यावी लागते. तू हसलास तेव्हाच मला कळलं की आकडा यापेक्षा मोठा आहे.

जाऊ नको असं मी म्हणत नाही. ज्या घरात बसून हे लिहितोय, त्याचा स्लॅब सौदीच्या पैशाचा आहे. केपला गेलेल्यांना कागद निवडायची मुभा नव्हती, समोर टाकला तो घ्यावा लागला. माझ्या वडिलांना 'आझाद'चा अर्थ सांगणारं कुणी नव्हतं. तुझ्याकडे महिनाभर वेळ आहे, हातात फोन आहे आणि विचारायला आम्ही आहोत.

उद्या संध्याकाळी कागद घेऊन ये. बसून वाचू.

आणि मंडळी, कुणाच्या घरी आफ्रिकेचे जुने परवाने, नवाबाच्या काळातले पासपोर्ट, सौदीची करारपत्रं ट्रंकेत असतील तर टाकून देऊ नका. पोरांना दाखवा. त्यांच्या कामाचा इतिहास तोच आहे.