पात्यावरचा लांडगा

नातेपुते आज बहुतेकांना माउलींच्या पालखीचा मुक्काम म्हणून ठाऊक आहे. फलटण, बरड, नातेपुते, माळशिरस अशी ती वाट उतरत जाते. सतराव्या शतकात हाच मुलूख शिलेदारांचा होता. पश्चिमेला फलटणचे निंबाळकर, दक्षिणेला म्हसवडचे माने, डोंगरावर भोसल्यांचं कुलदैवत शिखर शिंगणापूर. बारगिराला घोडं सरकारातून मिळे. शिलेदार घोडं आणि हत्यार स्वतःच्या पदरचं घेऊन चाकरीला उभा राही. म्हणजे तलवार ही त्याची खासगी मालमत्ता. ती तो पारखून घेई, पोराला देई, आणि खंडेनवमीला तिला हळदकुंकू वाही. मराठी मुलखातल्या तलवारींवरच्या परदेशी शिक्क्यांचा विचार करायचा तर या गिऱ्हाइकापासूनच सुरुवात करायला हवी. आपण आजवर ती कारागिरापासून करत आलो आणि तिथेच फसलो, असं माझं मत आहे.

‘फिरंग’ म्हणजे सरळ, लांब, युरोपी पात्याची तलवार, निदान तसं पातं असल्याचा दावा करणारी. ही पाती मुठीविना, नुसती येत. पोर्तुगीजांच्या गलबतांतून ती किनाऱ्यावर उतरत आणि मूठ इथला कारागीर चढवी. पात्यावर कधी लांडग्याची ओबडधोबड आकृती असते, कधी समोरासमोर दोन दातेरी चंद्रकोरी, कधी ‘आंद्रेआ फेरारा’ हे नाव, कधी रोमन अक्षरं. वस्तुसंग्रहालयाच्या पाटीवर मग ‘जर्मन पातं’ किंवा ‘जिनोव्हाचं पातं’ असं छापून टाकलं जातं आणि प्रश्न मिटल्यासारखा वाटतो.

तो मिटत नाही. लांडगा ही मुळात पासाऊ या शहराची खूण. पण झोलिंगेनच्या लोहारांनी ती सर्रास उचलली, आणि पुढे कॉकेशसमधल्या लोहारांनीही आपल्या पात्यांवर तिची नक्कल केली. आंद्रेआ फेरारा हा सोळाव्या शतकातला बेल्लुनोचा खरा कारागीर. तरी स्कॉटलंडमधल्या तलवारींवर त्याचं नाव इतक्या निरनिराळ्या वर्णलेखनांत आणि इतक्या उशिरापर्यंत सापडतं की एका माणसाला ते तीन जन्मांतही जमलं नसतं. दातेरी चंद्रकोर इटलीतून निघाली आणि भारत, अफगाणिस्तान, सुदान असा प्रवास करत स्थानिक लोहारांच्या हातात पडली. याहून जुना दाखला नवव्या ते अकराव्या शतकांतल्या ‘उल्फबर्ट’ तलवारींचा आहे. तेच नाव, पण क्रूसाची जागा इकडची तिकडे, आणि धातू तपासला तर काही पाती उत्तम पोलादाची, काही अगदीच सुमार. तेव्हा शिक्का कुणी घडवलं ते सांगत नाही. गिऱ्हाइकाचा विश्वास कुणावर होता, ते मात्र तो सांगतो.

यावर कुणी म्हणेल, हा जुन्या काळचा गोंधळ आहे. कारखाने आले, नंबर आले, मग शिक्का पक्का झाला. पण तसंही घडलेलं नाही. रिव्हॉल्व्हरच्या जमान्यात स्पेनमधल्या एइबारच्या कारखानदारांनी अमेरिकी स्मिथ अँड वेसनच्या हुबेहूब नकला काढल्या आणि खुणाही दुरून तशाच वाटाव्यात अशा बेताने कोरल्या. सरहद्दीवरच्या दर्रा आदमखेलमध्ये बनलेल्या हत्यारांवर राणी व्हिक्टोरियाचा मुकुट असतो, इंग्रजी अक्षर उलटं पडलेलं असतं, आणि साल कधी कधी राणी वारल्यानंतरचं, म्हणजे १९०१ नंतरचं असतं. अक्षर न येणाऱ्याने कोरलेलं अक्षर हे चित्र असतं. लांडग्याचंही तेच झालं: नकलेची नक्कल होत गेली आणि शेवटी दोनचार रेघा उरल्या.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. साताऱ्याला रेसिडेंट राहिलेल्या ग्रँट डफने भवानी तलवारीचं पातं अव्वल दर्जाचं जिनोव्हाचं असल्याचं आपल्या १८२६च्या इतिहासात नोंदवलं. त्याने चौकशी केली होती, जाणकार भोवती होते. मग शंका का घ्यायची? त्याच्या प्रामाणिकपणाबद्दल मला शंका नाही, ‘जिनोव्हा’ या शब्दाबद्दल आहे. पैठणी पैठणलाच विणलेली असावी लागत नाही. गावाचं नाव प्रतीचं नाव होऊन बसतं. जिनोव्हाचंही तसंच झालं असावं. डफची नोंद पात्याची प्रत आणि साताऱ्यातली समजूत सांगते. पात्याची जन्मभूमी तिच्यावरून ठरवता येत नाही.

१८७५-७६च्या दौऱ्यात प्रिन्स ऑफ वेल्सला कोल्हापूरहून मिळालेल्या ‘जगदंबा’ तलवारीचं उदाहरण यापुढचं. तिच्या पात्यावर ‘आयएचएस’ ही अक्षरं तीनदा उमटवलेली आहेत. हे येशूच्या नावाचं ख्रिस्ती चिन्ह. काहींना त्यात पोर्तुगीज उगमाचा पुरावा दिसतो, काहींना ते छत्रपतींच्या तलवारीवर असणंच अवघड वाटतं. दोघांची चूक एकच, दोघेही अक्षरं वाचतात. हे चिन्ह कॅथलिक युरोपात सगळीकडे चालत होतं, तेव्हा त्यावरून एक देश ठरत नाही. आणि इथल्या गिऱ्हाइकाला ती तीन अक्षरं बहुधा उत्तम मालाची खूण म्हणूनच दिसली असतील. त्यामुळे धर्माची अडचण त्याला पडली नसावी. ती आपल्याला पडते.

मग पातं ओळखायचं कसं? घडणीवरून. पात्यावरच्या पन्हळी किती, त्या कुठवर जातात, पाठीची जाडी टोकाकडे कशी उतरते, हे पाहावं लागतं. युरोपी पात्याचं शेपूट लांब असतं, मुठीतून आरपार जाऊन मागे ठोकून बसवलेलं. आपल्याकडे आखूड शेपूट लाखेने मुठीत पक्कं करायची रीत. परदेशी पातं देशी मुठीत बसवताना शेपूट कापावं लागे, आणि खंड्याच्या धाटणीची मूठ असेल तर पात्याच्या दोन्ही अंगांना लांब पट्ट्या रिव्हेटने जोडल्या जात. त्या नेमक्या मुठीजवळच्या भागावर येतात, जिथे लोहार आपला ठसा मारतो. त्यात पिढ्यान्पिढ्या सिकलगाराच्या घासणीने उथळ खुणा पुसल्या गेल्या. म्हणून शिक्का नाही यावरूनही काही सिद्ध होत नाही.

एवढं ऐकून कुणाला वाटेल की यात इथल्या लोहाराला कमीपणा येतो. मला उलट वाटतं. ज्या दख्खनचं पोलाद तेलंगणातल्या कोनासमुद्रमसारख्या गावांतून इराणपर्यंत जात होतं, तिथला शिलेदार लांब, लवचीक, सरळ पात्यासाठी परदेशी माल पारखून घेत होता. त्याला गरज काय ते कळत होतं, आणि मूठ मात्र तो आपल्या हाताच्या मापाची लावत होता.

एप्रिल २०२५मध्ये लंडनच्या सदबीजच्या लिलावात महाराष्ट्र सरकारने नागपूरकर पहिल्या रघुजी भोसल्यांची तलवार घेतली. पातं युरोपी, एकधारी, सरळ. मूठ मुल्हेरी धाटणीची. पात्याच्या पाठीवर सोन्यात देवनागरी लेख आहे: ‘श्रीमंत रघोजी भोसले सेनासाहेब सुभा फिरंग’. मालकाचं नाव, हुद्दा, आणि तलवारीची जात. कुठल्या गावच्या कुठल्या लोहाराने ती घडवली, हे त्या ओळीत लिहावं असं कुणाला वाटलं नाही.