जुनी ट्रायम्फ बॉनव्हिल पुन्हा रस्त्यावर कशी आणतात?

रील्समध्ये हे काम फार सोपं दिसतं. गंजलेली मोटरसायकल गोडाऊनमधून बाहेर निघते, सँडपेपर फिरतो, रंग चढतो आणि मिनिटाभरात गाडी चकाचक! प्रत्यक्षात जुनी ब्रिटिश गाडी किती वर्षं चालणार, हे रंगावर ठरत नाही. ते ठरतं इंजिनच्या आत, डोळ्यांना न दिसणाऱ्या जागी. सगळ्यात प्रसिद्ध ब्रिटिश मोटरसायकलींपैकी एक असलेल्या ट्रायम्फ बॉनव्हिलच्या उदाहरणातून हे समजून घेऊया.

बॉनव्हिल म्हणजे नेमकी कोणती गाडी?

इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीजवळच्या मेरिडनला ट्रायम्फचा कारखाना होता. १९५९ च्या मॉडेल वर्षासाठी तिथून बॉनव्हिल टी१२० आली. शेजारी-शेजारी दोन सिलिंडर, ६४९ सीसीचं इंजिन, दोन कार्ब्युरेटर आणि कंपनीच्या दाव्यानुसार ४६ हॉर्सपॉवर. अमेरिकेतल्या युटा राज्यात बॉनव्हिल नावाचं मिठाचं मैदान आहे. तिथे १९५६ मध्ये जॉनी ॲलन याने ट्रायम्फचं इंजिन बसवलेल्या खास वाहनावर ताशी सुमारे ३४५ किलोमीटरचा वेग गाठला होता. गाडीचं नाव त्यावरूनच पडलं.

१९६३ पासून इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच आवरणात आले. १९७१ मध्ये ऑइलची वेगळी टाकी जाऊन ऑइल फ्रेमच्या नळीत भरलं जाऊ लागलं. पुढे ७५० सीसीची टी१४० आली आणि १९८३ मध्ये मेरिडनचा कारखाना बंद पडला. आज मिळणारी बॉनव्हिल ही नव्या ट्रायम्फ कंपनीची, वेगळ्या इंजिनची गाडी आहे.

विकत घेण्याआधी काय बघायचं?

आधी नंबर. मेरिडनच्या या गाड्यांमध्ये इंजिनवर आणि फ्रेमवर एकच नंबर ठोकलेला असायचा. दोन्ही जुळत नसतील, तर गाडी दोन-तीन गाड्यांचे भाग जोडून बनवलेली असू शकते. ती चालेल, पण किंमत कमी द्यायला हवी. १९६९ पासून इंजिनवरच्या नंबरच्या पट्टीवर ट्रायम्फचे बारीक शिक्के असत. ते घासून गेलेले दिसले, तर नंबरमध्ये कोणी तरी हात घातला आहे असं समजा.

इंजिनमध्ये आधी काय उघडायचं?

इथेच चांगलं काम आणि दिखाऊ काम वेगळं होतं. या इंजिनात आजच्या गाड्यांसारखा कागदी ऑइल फिल्टर नव्हता. क्रँकशाफ्टच्या आत एक पोकळ नळी असते, तिला ‘स्लज ट्रॅप’ म्हणतात. क्रँक वेगाने फिरला, की ऑइलमधला जड कचरा नळीच्या कडेला फेकला जातो आणि तिथेच साचतो. साचत साचत तो ग्रीससारखा घट्ट होतो आणि एक दिवस कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगकडे जाणारी ऑइलची वाट बंद करतो. मग बेअरिंग जळतं, रॉड तुटू शकतो आणि इंजिन फुटतं.

वाईट गोष्ट अशी, की हा कचरा बाहेरून तपासता येत नाही. त्यासाठी इंजिन पूर्ण खोलावं लागतं. म्हणून गाडी विकणारा “इंजिन पूर्ण केलंय” म्हणाला, तर पहिला प्रश्न विचारा : स्लज ट्रॅप साफ केला का? त्याचे फोटो किंवा बिल आहे का?

पाने आणि वायरिंगची काय भानगड आहे?

१९६० च्या दशकातल्या या गाड्यांचे नट-बोल्ट मिलिमीटरच्या मापाचे नाहीत. त्यांना व्हिटवर्थ मापाचे पाने लागतात. घरातला ‘जवळपास बसणारा’ पाना लावला, तर नटाचे कोपरे गोल होतात.

वायरिंगही उलटं आहे. आजच्या गाड्यांत बॅटरीचं निगेटिव्ह टोक फ्रेमला जोडतात, या गाड्यांत पॉझिटिव्ह. हे विसरून नवं इलेक्ट्रॉनिक इग्निशन लावलं, तर ते जळू शकतं.

नवा रंग द्यायचा का?

घाई करू नका. कारखान्यातला मूळ रंग एकदाच असतो. तो थोडा फिका पडला असला, तरी अनेक संग्राहक नव्या रंगापेक्षा त्यालाच जास्त किंमत देतात.

चालवताना काय लक्षात ठेवायचं?

पेट्रोलचा कॉक उघडायचा, कार्ब्युरेटरवरचं छोटं बटण पेट्रोल दिसेपर्यंत दाबायचं, क्लच धरून एक-दोन किका मारून चिकटलेल्या प्लेट्स सुट्या करायच्या आणि मग खरी किक मारायची. इंजिन सुरू झालं, की टाकीचं झाकण उघडून ऑइल परत येतंय का ते बघायचं.

१९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या गाड्यांत गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला. जुनी बुलेट चालवलेल्यांना हे नवीन नाही. ड्रम ब्रेक आजच्या डिस्कइतके पकडत नाहीत, त्यामुळे पुढच्या वाहनापासून जास्त अंतर ठेवा. दोन्ही पिस्टन एकदम वर-खाली होत असल्याने गाडी थरथरते. प्रत्येक लांबच्या फेरीनंतर नट-बोल्ट तपासा. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल जुने रबरी पाइप आणि फायबरग्लासची टाकी खराब करतं. भारतात २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल सर्रास मिळतं, त्यामुळे पाइप बदलूनच घ्या.

कायदा काय सांगतो?

ब्रिटनमध्ये मोठे बदल न केलेल्या, ४० वर्षांहून जुन्या गाडीला वार्षिक तपासणीतून सूट मिळते. पण गाडी सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालकाचीच राहते.

भारतात २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात असलेल्या दुचाकीची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी होते. नंबरप्लेटवर ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. मात्र अशी गाडी रोजच्या वापरासाठी किंवा व्यवसायासाठी चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणं, देखभाल अशा ठरावीक कारणांसाठीच ती रस्त्यावर आणता येते. फ्रेम किंवा इंजिनमध्ये मोठे बदल केले, तर ही नोंदणी मिळणं अवघड होतं.

थोडक्यात

खर्चाचा क्रम असा ठेवा : आधी क्रँक आणि ऑइलचा मार्ग, मग ब्रेक आणि टायर, मग वायरिंग आणि सगळ्यात शेवटी रंग. पैसे मध्येच संपले, तर गाडी दिसायला जुनी राहील. पण ती चालेल आणि वेळेवर थांबेलही.