स्वतःची माला आणि सहा जणांचा केसरी

ज्यांच्या घरी देवघर आहे आणि गावच्या देवालयात ज्यांची पाळी आहे, त्यांना एका गोष्टीची फोड करून सांगावयास नको. घरची पूजा आपल्या सवडीने, आपल्या कुळाच्या रीतीने होते. तिला कोणी विचारीत नाही. देवालयातील सेवा मात्र दहा कुटुंबांच्या संमतीने, ठरल्या दिवशी व ठरल्या मानाने करावी लागते. एक पत्करली म्हणून दुसरी कोणी सोडीत नाही. असे असले तरी दोहोंचे धर्म निराळे आहेत, हे न ओळखणारा मनुष्य घरी आळशी आणि देवालयात भांडखोर ठरतो.

लेखकाच्या बाबतीत हाच प्रश्न वारंवार उद्भवतो. स्वतःचे असे एक पत्र तो एकट्याच्या हिमतीवर चालवीत असतो. इतक्यात समविचारी स्नेही एकत्र येऊन सामायिक पत्र काढतात आणि त्याला बोलावतात. त्याने जावे काय? गेल्यास आपले पत्र बंद करावे काय? आणि दोन्ही ठेवावयाची झाल्यास कोणता विचार कोठे मांडावा? मराठी वाङ्मयाच्या इतिहासात या प्रश्नाचे एक ठळक उदाहरण आहे. ते विष्णुशास्त्री चिपळूणकरांचे होय. ‘निबंधमाला’ आणि ‘केसरी’ ही दोन नावे आपण एका दमात उच्चारतो. परंतु एक एकट्याची होती आणि दुसरा सहा जणांचा, हा भेद सहसा ध्यानात घेत नाही.

‘निबंधमाले’चा पहिला अंक २५ जानेवारी १८७४ रोजी निघाला. शास्त्रीबोवांचा जन्म १८५० सालचा. म्हणजे वयाची चोविशीही पुरी झालेली नव्हती. मासिक म्हणावयाचे खरे, परंतु नाना लेखकांचे लेख, पत्रे, बातम्या असला मासिकाचा थाट तिच्यात नव्हता. एकच लेखणी महिनोन्महिने चालत होती. मराठी भाषेच्या सद्यःस्थितीपासून आरंभ करून इतिहास, भाषांतर, वाचन, वक्तृत्व, विद्वत्त्व आणि कवित्व, लोकभ्रम, गर्व, डॉक्टर जॉन्सन, मोरोपंतांची कविता अशा विषयांवर ती स्वच्छंदाने फिरली. एखादा निबंध एका अंकात न मावला तर तो पुढच्या अंकात जाई, तेथेही न मावला तर त्याच्याही पुढच्या. लांबी किती असावी, सूर कोणता लावावा, कोणाची भीड धरावी, हे सांगणारा दुसरा कोणी नव्हता. अशा रीतीने ८४ अंक झाले. ‘मालाकार’ ही पदवी लोकांनी त्यांना दिली ती याच अर्थाने: माला आणि तिचा कर्ता यांत अंतरच उरले नव्हते.

परंतु शास्त्रीबोवा केवळ एकटे लिहिणारे होते असे समजणे चुकीचे होईल. मालेच्या आधीपासूनच ते ‘शालापत्रक’ या मासिकात लिहीत होते. ते वडील कृष्णशास्त्री यांच्या हातचे, शिक्षणखात्याच्या आश्रयाने चालणारे पत्र. पुढे त्याचे संपादनही विष्णुशास्त्र्यांकडे आले. म्हणजे १८७४ साली एका हातात सरकारी छत्राखालचे पत्र आणि दुसऱ्या हातात स्वतःची माला अशी स्थिती होती. ती फार काळ टिकली नाही. शास्त्रीबोवांची धार शालापत्रकातही लपेना, आणि १८७५ साली सरकारी रोषाने ते पत्र बंद पडले. आश्रयदात्याच्या पत्रात आपला स्वर चालत नाही हे त्यांना तेव्हाच कळून चुकले असले पाहिजे. माला मात्र चालूच राहिली. कारण तिला बंद करू शकेल असा कोणी धनी तिला नव्हता.

यानंतरची सामायिक कामे त्यांनी निवडली ती बरोबरीच्या माणसांशी. १८७८ साली का. ना. साने आणि ज. बा. मोडक यांच्या जोडीने ‘काव्येतिहाससंग्रह’ हे मासिक सुरू झाले. जुन्या कविता आणि मराठ्यांच्या इतिहासाचे कागद प्रसिद्ध करण्याचे काम एकट्याने होण्यासारखे नव्हतेच. तेथे निबंधकाराच्या मतापेक्षा पोथी मिळविणाऱ्याचे आणि ताडून पाहणाऱ्याचे मोल अधिक. त्याच साली चित्रशाळेचा उपक्रम उभा राहिला. १८७९ साली त्यांनी सरकारी शाळेतील नोकरी सोडली आणि १८८० च्या जानेवारीत पुण्यास न्यू इंग्लिश स्कूल उघडले. या सर्व व्यापात माला गुंडाळून ठेवण्यास पुरेशी सबब होती. त्यांनी ती पुढे केली नाही. १८७८ च्या देशी भाषांतील पत्रांविषयीच्या कायद्याने छापखानदारांकडून जामीन मागण्याचा अधिकार सरकारास मिळाला होता. त्या सावटातही माला निघत राहिली.

मग ‘केसरी’ आला. त्याच्या जाहीरनाम्याखाली सहा नावे होती: विष्णु कृष्ण चिपळूणकर, बाळ गंगाधर टिळक, वामन शिवराम आपटे, गणेश कृष्ण गर्दे, गोपाळ गणेश आगरकर आणि महादेव बल्लाळ नामजोशी. कोणी कोशकार, कोणी वैद्यकातला, कोणी गणिती, कोणी उद्योगधंद्यांच्या खटाटोपातला. इंग्रजी ‘मराठा’ २ जानेवारी १८८१ रोजी, रविवारी, आणि मराठी ‘केसरी’ ४ जानेवारी १८८१ रोजी, मंगळवारी निघाला. जाहीरनाम्याची भाषा पाहावी. रस्तोरस्ती लागलेले दिवे आणि पोलिसांची गस्त यांचा जो उपयोग तोच पत्रकर्त्यांच्या लेखणीचा, असा तेथील आशय आहे. आणि सर्व विषयांवर निःपक्षपाताने लिहिण्याचे अभिवचन आहे. मालाकाराच्या परिचित स्वराहून हा स्वर सौम्य व संयत आहे. सहा जणांनी ज्याखाली सही करावयाची त्या मजकुरात एकट्याचा आवेश मावत नाही, याचे हे प्रमाण होय.

येथे मालेचा दोषही सांगितला पाहिजे. जोतीराव फुले आणि लोकहितवादी यांच्यावर शास्त्रीबोवांनी जी टीका केली, तीत वादापेक्षा उपहास अधिक आहे, आणि फुल्यांच्या बाबतीत तर तो अन्यायाच्या पातळीला गेला आहे असेच आज आम्हांस म्हणावे लागते. शेजारी बसून ‘हे वाक्य काढा’ असे म्हणणारा एखादा सहकारी असता तर त्यांतील काही भाग छापलाही गेला नसता. एकट्याच्या पत्राचा हा धोका आहे. ज्या स्वातंत्र्याने ‘आमच्या देशाची स्थिती’ हा निर्भय निबंध लिहिला गेला, त्याच स्वातंत्र्याने हे उपहासही लिहिले गेले.

सामायिक पत्राचा धोका याच्या उलट आहे, आणि तो कायद्याच्या अभ्यासकास चटकन् दिसतो. ‘केसरी’तील लेखांखाली लेखकाचे नाव नसे, मत पत्राचे मानले जाई. १८६७ च्या मुद्रणविषयक कायद्याप्रमाणे मुद्रक आणि प्रकाशक यांनी अधिकाऱ्यासमोर प्रतिज्ञापत्र करावयाचे असे. प्रत्येक प्रतीवर संपादकाचे नाव छापण्याचे बंधन १९२२ च्या दुरुस्तीने आले. म्हणजे लिहिणारा एक, छापणारा दुसरा, उत्तर देणारा तिसरा अशी रचना. (तो १८६७ चा कायदा २०२३ च्या नव्या कायद्याने रद्द झाला आणि नवा कायदा मार्च २०२४ पासून अंमलात आला.) कोल्हापूरच्या महाराजांच्या छळासंबंधी कारभारी माधवराव बर्वे यांच्यावर ‘केसरी’ व ‘मराठा’ यांनी लेख लिहिले. आधाराला घेतलेली पत्रे बनावट ठरली, आणि १८८२ च्या जुलैत मुंबईच्या उच्च न्यायालयाने ‘मराठ्या’चे टिळक व ‘केसरी’चे आगरकर यांस चार महिन्यांची साधी कैद सांगितली. डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढून ते सुटले. सहा जणांच्या पत्रासाठी दोघे तुरुंगात गेले. या दोघांनी तक्रार केली नाही; परंतु सामायिक कामात शिरणाऱ्याने आपल्या वाट्याला काय येऊ शकते हे आधीच समजून घेतले पाहिजे.

शास्त्रीबोवा हे पाहावयास उरले नाहीत. ‘केसरी’ सुरू झाला त्या १८८१ सालीच मालेची समाप्ती झाली, आणि १७ मार्च १८८२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, ते निवर्तले. आता हिशेब मांडू. माला कर्त्याबरोबर संपली. ती पुढे चालविणे दुसऱ्यास शक्यच नव्हते. ‘केसरी’ला ते मरण नव्हते. संस्थापकांतील एक गेला, दोघे तुरुंगात गेले, तरी मंगळवार चुकला नाही, आणि ते पत्र आजही पुण्याहून निघते. परंतु त्या पहिल्या वर्षातील शास्त्रीबोवांचा हात नेमका कोठे, हे अभ्यासकांस शैलीवरून ताडावे लागते. मालेतील प्रत्येक अक्षर मात्र निर्विवादपणे त्यांचे आहे. इतके त्यांचे की १९१० साली सरकारने ‘आमच्या देशाची स्थिती’ हा निबंध जप्त केला तेव्हा कर्ता जाऊन अठ्ठावीस वर्षे लोटली होती. ती बंदी १९३७ साली काँग्रेस मंत्रिमंडळ आल्यावर उठली. सामायिक पत्राने आयुष्य दिले, स्वतःच्या पत्राने नाव राखले.

दुसरे उदाहरण आगरकरांचे. त्यांनी १८८७ पर्यंत ‘केसरी’चे संपादन केले. सामाजिक सुधारणेच्या प्रश्नावर सहकाऱ्यांशी मतभेद विकोपास गेले, तेव्हा त्यांनी संपादकपद सोडले आणि ऑक्टोबर १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढला. गोपाळ कृष्ण गोखले त्याची इंग्रजी बाजू सांभाळीत. मात्र ज्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीची स्थापना १८८४ साली सर्वांनी मिळून केली होती, ती आगरकरांनी सोडली नाही. १८९२ पासून १८९५ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते फर्ग्युसन कॉलेजचे प्रिन्सिपॉल होते. मत मांडण्यासाठी स्वतःचे पत्र, शिकविण्यासाठी सामायिक संस्था, अशी वाटणी त्यांनी केली. शास्त्रीबोवांनी जी गोष्ट स्नेहात साधली ती आगरकरांनी वियोगातून साधली. पण तत्त्व एकच.

ते तत्त्व असे की, जे सर्वांनी मिळून म्हणावयाचे ते सामायिक पत्रात, सर्वांच्या सहीच्या मापाने म्हणावे. जे आपणास एकट्यालाच पटले आहे, ज्याचा जाब आपण एकट्यानेच द्यावयाचा आहे, ते आपल्या पत्रात म्हणावे. पहिले दुसऱ्यात घुसविले की स्नेह्यांवर अन्याय होतो; दुसरे पहिल्यासाठी दडपले की स्वतःवर होतो. वादाचा क्षण येण्यापूर्वीच ही वाटणी उघडपणे ठरलेली असावी, कारण वाद पेटल्यावर केलेली वाटणी ही फारकत असते.

महाराष्ट्राच्या सीमेबाहेर, गोव्यात, बेळगावात, इंदूर-बडोद्यात, मराठी व कोंकणी बोलणाऱ्या मंडळींची सामायिक पत्रे अशाच मूठभर माणसांच्या बळावर चालत आली आहेत, आणि त्यांतील बहुतेकांची स्वतःची वही घरी लिहिली जात असतेच. त्यांना आम्ही एवढेच सुचवू की पाळी आली की देवालयात वेळेवर जावे, आणि परत येऊन घरच्या देवापुढील निरांजनही लावावे. शास्त्रीबोवांनी दोन्ही केले, आणि त्यासाठी त्यांना मिळालेली वर्षे फार थोडी होती.