मार्कंडा : कोणते म्हणायचे?

वाचकहो, चामोर्शीच्या बाजारात उभे राहून कोणालाही विचारा, "बाबा, मार्कंडा कोणीकडे?" तो वैनगंगेकडे बोट दाखवील. यात्रेकरूच्या मनात मार्कंडा एकच : नदीकाठची कोरीव देवळे आणि महाशिवरात्रीची यात्रा. मीही तसेच धरून चाललो होतो. एका वर्षी माझा एक विद्यार्थी या देवळांची टिपणे घेण्यास निघाला. मी चिठ्ठीवर नुसते 'मार्कंडा' लिहून दिले. पोरगा जाऊन पोचला मार्कंडा कंसोबाला! तेही चामोर्शी तालुक्यातलेच गाव. वनखात्याच्या आलापल्ली विभागात मार्कंडा नावाचे परिक्षेत्रही आहे. गरीब घरचा मुलगा, दिवस गेला, भाड्याचे पैसे गेले. चूक माझी. देवळांच्या गावाला सरकारी कागदात मार्कंडादेव म्हणतात हे मला ठाऊक होते. एक शब्द लिहिण्याचा आळस केला.

परत आल्यावर त्याने विचारले, "सर, असे आणखी किती मार्कंडे आहेत?" प्रश्न बिनतोड होता. मी नकाशे काढून बसलो.

नावाचे मूळ सोपे आहे. मृकंडु ऋषीचा पुत्र तो मार्कंडेय. सोळाच वर्षांचे आयुष्य घेऊन आलेला हा मुलगा शिवलिंगाला मिठी मारून बसला आणि यमाला हात हलवीत जावे लागले, ही कथा आपल्याकडे लहान पोरालाही पाठ असते. लोकांच्या तोंडी 'एय' गळाला, मार्कंड राहिला. गाव झाले मार्कंडा. आणि मग गंमत बघा : चांदा-चांद्याला, तसे मार्कंडा-मार्कंड्याला. पुराणातला ऋषी मराठी गावासारखा चालू लागला! दक्षिणेकडे जाणारी वैनगंगा येथे वळण घेऊन उत्तरेकडे वाहते. उत्तरवाहिनी नदीचा काठ पवित्र मानतात. शिवाच्या देवळाला ही जागा का निवडली असेल, ते यावरून उमगते.

नाशिक जिल्ह्यात सप्तशृंगीसमोर मार्कंड्याचा डोंगर आहे. तेथे बसून ऋषीने देवीमाहात्म्य म्हटले अशी श्रद्धा. ते सातशे श्लोक मार्कंडेय पुराणातच आहेत. बेळगावकडची मार्कंडेय नदी घटप्रभेला मिळते. हरियाणात मारकंडा नदी आहे, आणि तिच्या काठचे गाव शाहाबाद मारकंडा म्हणूनच ओळखले जाते. सोलापूरच्या पद्मशाली विणकरांना विचाराल तर मार्कंडेय हे गाव नव्हे, नदी नव्हे; तो त्यांचा मूळपुरुष.

शिक्षक बंधूंनो, जुन्या कागदांत आणखी एक खोच आहे. अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी १८७३-७४ च्या दौऱ्यात आपली देवळे पाहून अहवालात नोंदली, ती चांदा जिल्ह्यात. पुढे चांद्याचे चंद्रपूर झाले, आणि १९८२ साली गडचिरोली जिल्हा वेगळा निघाला. गाव जागचे हलले नाही, पण कागदावर त्याचा पत्ता बदलत गेला. शाळेच्या जुन्या दाखल्यावर 'मार्कंडा, जि. चांदा' एवढेच असेल, तर आजोबांचे गाव शोधणाऱ्या नातवाने कोणत्या मार्कंड्याला जावे? देवळापाशी की कंसोबाला? तेथे नदीचे किंवा शेजारच्या गावाचे नाव लिहिलेले असते तर त्याची पायपीट वाचली असती.

पुढच्या रविवारी तो मुलगा पुन्हा निघाला. भाडे मी दिले. चिठ्ठीवर लिहिले : मार्कंडादेव, तालुका चामोर्शी, वैनगंगेच्या काठी.