स्टार्च फिल्मचे खनिज-मजबुतीकरण

मका, बटाटा किंवा टॅपिओका यांच्या स्टार्चपासून केलेल्या, मातीत कुजणाऱ्या फिल्ममध्ये खनिजाचे सूक्ष्म कण मिसळून तिची ताकद व ओलाव्यापुढील टिकाव वाढवण्याची पद्धत. यासाठी माँटमोरिलोनाइट, केओलिन, शंखजिरे व कॅल्शियम कार्बोनेट वापरतात.

गरज : नुसत्या स्टार्चची फिल्म वाळली की तडकते. ग्लिसरीन घातल्यास ती लवचिक होते. पण ओल धरून सैल पडते आणि साठवणीत पुन्हा ठिसूळ होत जाते.

कृती : माँटमोरिलोनाइटसारखी चिकणमाती पाण्यात भिजवून घोटतात. तीत स्टार्च व ग्लिसरीन मिसळून खळ शिजवतात, सपाट ताटात पातळ ओततात आणि वाळल्यावर फिल्म सोलून काढतात. कारखान्यात हेच काम उष्णता व दाब देऊन एक्स्ट्रूडरमध्ये होते.

कार्यतत्त्व : माँटमोरिलोनाइटचा एकेक थर सुमारे 1 नॅनोमीटर जाडीचा असतो. थर सुटे होऊन पसरले, तर स्टार्चच्या वजनाच्या 2 ते 5 टक्के खनिजही पुरते. ताण थरांवर वाटला जातो आणि बाष्पाला वळसे घेत जावे लागते. प्रमाण वाढल्यास गुठळ्या होतात व फिल्म तिथूनच फाटते.

बीड जिल्ह्याचा संदर्भ : येथील काळी माती दख्खनच्या बेसाल्टपासून झाली असून तिच्यात माँटमोरिलोनाइट गटाची खनिजे भरपूर असतात. पावसात फुगणारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी ही जमीन याच खनिजाचा गुण दाखवते : थरांमध्ये पाणी शिरते, तसेच स्टार्चचे रेणूही शिरतात. मात्र शेतातली माती थेट चालत नाही. तीत चुनखडी, लोहसंयुगे व सेंद्रिय अंश असतात. उद्योगात शुद्ध केलेले बेंटोनाइट, म्हणजे मुख्यतः माँटमोरिलोनाइट असलेली चिकणमाती, वापरतात. भारतात ते मुख्यतः गुजरात व राजस्थानातून येते.

उपयोग व मर्यादा : कमी पावसाच्या या जिल्ह्यात पिकाभोवती जमिनीवर अंथरलेला पॉलिथीनचा मल्चिंग पेपर ओल राखतो, पण त्याचे तुकडे पीक निघाल्यावर रानातून वेचावे लागतात. कुजणारी फिल्म नांगरटीत गाडता येते आणि तिच्यातले खनिज मातीचाच घटक असते. उघड्या शेतात टिकण्यासाठी स्टार्चला पीबीएटीसारख्या कुजणाऱ्या पॉलिएस्टरची जोड द्यावी लागते. कंपोस्टयोग्य प्लॅस्टिकची कसोटी आयएस/आयएसओ 17088 ही आहे. पण ती कंपोस्टच्या उबदार, ओलसर ढिगासाठी आहे. कोरड्या रानात कुजण्याचा वेग मंदावतो. म्हणून बीडसाठी अशी फिल्म निवडताना तिच्या ताकदीइतकीच इथल्या मातीत कुजण्याची चाचणीही आवश्यक ठरते.