मान खाली, मुकुट वर

कंदांच्या दुकानात इतर सगळे कंद डोळ्यांनी ओळखावे लागतात, हा एक नाकाने ओळखता येतो. पिवळट पांढरा, मुठीएवढा, अंगावर कांद्यासारखं सुकं साल नाही, मधोमध एक भोक, आणि जवळ नेताच कोल्ह्याच्या अंगासारखा उग्र दर्प. युरोपातले बागप्रेमी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये हा कंद उन्हाच्या वाफ्यात वीतभर खोल पुरतात. एप्रिलमध्ये त्यातून तीन-चार फूट उंच सरळसोट दांडा येतो. दांड्याच्या टोकाला नारिंगी, तांबड्या किंवा पिवळ्या घंटांचं कडं लटकतं आणि त्या घंटांच्या वर हिरव्या पानांचा तुरा उभा राहतो. इंग्रजीत याला ‘क्राउन इम्पीरियल’ म्हणतात. 1753मध्ये लिनियसने त्याची शास्त्रीय नोंद ‘फ्रिटिलेरिया इम्पेरियालिस’ अशी केली. दोन्ही नावांत सम्राट आहे. या फुलाचं मूळ घर मात्र राजवाड्यापासून फार दूर आहे.

ते घर म्हणजे पूर्व तुर्कस्तान, इराणच्या झाग्रोस पर्वतरांगा, अफगाणिस्तान आणि तिथून काश्मीरपर्यंतचे डोंगरउतार. हिवाळाभर तिथे बर्फ असतं. वसंतात ते वितळलं की थोडेच आठवडे माती ओली राहते आणि मग उन्हाळा जमीन कोरडीठाक भाजून काढतो. ज्याला तिथे जगायचं आहे त्याने त्या थोड्या आठवड्यांत उगवायचं, फुलायचं, बी धरायचं आणि पुन्हा जमिनीत जायचं. एवढ्या घाईत चार फूट वाढायला लागणारी शिदोरी आदल्या वर्षीच कंदात भरून ठेवलेली असते.

डोंगरातल्या लोकांना या फुलाची उंची किंवा तुरा यांपेक्षा त्याची खाली झुकलेली मान जास्त जाणवली. इराणमध्ये ते ‘लाले-ए-वाझगून’ आहे, म्हणजे उलटा ट्यूलिप. तुर्कस्तानातही त्याला ‘तेर्स लाले’ म्हणजे उलटा ट्यूलिपच म्हणतात आणि दुसरं नाव आहे ‘आलायान गेलिन’, रडणारी नवरी. घंटेत खालून डोकावलं तर प्रत्येक पाकळीच्या मुळाशी एक टपोरा थेंब लोंबताना दिसतो. सहा पाकळ्या, सहा थेंब. इराणी लोककथेत हे अश्रू सियावुशसाठी आहेत. सियावुश हा ‘शाहनाम्या’तला निरपराध राजपुत्र. त्याची हत्या या फुलाने पाहिली आणि तेव्हापासून त्याची मान वर झाली नाही. ख्रिस्ती दंतकथा निराळी आहे. येशू गेथसेमनीच्या बागेत आला तेव्हा सगळी फुलं झुकली, हे एकटं ताठ राहिलं. पुढे लाजेने लाल झालं, वाकलं आणि रडू लागलं. एका कथेत ते साक्षीदार आहे, दुसरीत अपराधी.

युरोपात ते इस्तंबूलमार्गे पोहोचलं. उस्मानी राजधानीत कंदफुलांचा शौक मोठा होता आणि व्हिएन्नाच्या दरबाराचे वकील तिथे राहत. त्यांच्या सामानातून ट्यूलिपसारखे कंद पश्चिमेकडे जात. व्हिएन्नात ते कंद ओळखणारा माणूस होता कॅरोलस क्लुसियस. सम्राट दुसऱ्या मॅक्सिमिलियनने 1573मध्ये त्याला शाही बागेवर नेमलं होतं. क्राउन इम्पीरियल व्हिएन्नात आलं ते 1576 साली, असं मानतात. त्याच वर्षी मॅक्सिमिलियन वारला आणि नव्या सम्राटाच्या राजवटीत क्लुसियसची नोकरी गेली. त्याची कंदांची देवाणघेवाण मात्र थांबली नाही. मित्रांना, जाणकारांना, हौशी सरदारांना तो कंद पाठवत राहिला. 1593मध्ये तो लायडनला विद्यापीठाची बाग उभारायला गेला आणि नेदरलँड्समधल्या कंदशेतीच्या इतिहासात त्याचं नाव कायमचं बसलं.

पुढची पन्नास वर्षं या फुलाची चलती होती. 1597मध्ये जॉन जेरार्डने आपल्या इंग्रजी वनस्पतीग्रंथात त्या थेंबांचं कौतुक केलं. चव साखरेसारखी, रूप मोत्यांसारखं, आणि पुसून टाकले तरी लगेच नवे थेंब हजर. जॉन पार्किन्सनने 1629च्या आपल्या बागग्रंथात या फुलाला अगदी पहिलं स्थान दिलं. फ्लेमिश चित्रकार थोरल्या यान ब्रूगेलच्या मोठ्या पुष्पचित्रांत ते गुच्छाच्या माथ्यावर असतं. इतक्या उंच फुलाला दुसरी जागा द्यायची तरी कुठे? 1887मध्ये पॅरिसमध्ये व्हॅन गॉगने तांब्याच्या फुलदाणीत ठेवून रंगवली तीही हीच फुलं.

दरम्यान, या फुलाच्या मुलखाच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक सम्राट उभा होता. 1620च्या वसंतात जहांगीर काश्मीरच्या वाटेवर होता. आपल्या आठवणींत त्याने एका विचित्र फुलाची नोंद केली आहे. पाच-सहा नारिंगी फुलं खाली तोंड करून फुललेली आणि त्यांच्या मधून अननसासारखी हिरवी पानं वर आलेली. हे वर्णन क्राउन इम्पीरियलला तंतोतंत लागू पडतं. व्हिएन्नावाल्यांना त्या तुऱ्यात मुकुट दिसला, खऱ्या मुकुटधाऱ्याला मात्र अननस आठवला. अननस तेव्हा हिंदुस्थानात नवा होता. पोर्तुगीजांनी तो आणला होता आणि आग्र्याच्या शाही बागेत तो पिकत असल्याचं जहांगीरनेच लिहून ठेवलं आहे.

आता अश्रूंकडे वळू. ते थेंब म्हणजे मकरंद. प्रत्येक पाकळीच्या तळाशी मकरंदाची एक गोल ग्रंथी असते. जेरार्डला तो गोड लागला, पण फुलांच्या हिशेबात हा मकरंद पाणचट आहे, साखर कमी आणि प्रमाण भरपूर. मधमाशीला दाट मकरंद आवडतो, असं पातळ पेय सहसा पक्ष्यांसाठी असतं. ब्रिटनमध्ये ब्लू टिट हा चिमणीहून लहान पक्षी या फुलाचं परागीभवन करतो, हे 1989मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. युरोपात पक्ष्यांवर अवलंबून असलेली फुलं फार थोडी, म्हणून हे विशेष. झुकलेल्या मानेचाही उपयोग आहे. तोंड खाली असल्यामुळे पावसाचं पाणी आत शिरून मकरंद आणखी पातळ करत नाही. आणि ही मान कायमची खाली नसतेच. फळ धरलं की देठ वळतो आणि बोंड आकाशाकडे तोंड करून उभं राहतं. त्यातल्या चपट्या बिया उंच दांड्यावरून वाऱ्याने विखुरतात.

वासाचाही उलगडा झाला आहे. तो एका गंधकयुक्त रेणूचा आहे. उन्हात राहिलेल्या बिअरला जो घाण वास येतो तो याच रेणूमुळे. त्या वासाने उंदीर-घुशी वाफ्याकडे फिरकत नाहीत, असा जुन्या माळ्यांचा विश्वास आहे. शिवाय कंदात इम्पेरियालिन हे अल्कलॉइड असतं, त्यामुळे तो विषारी आहे.

हे कळलं की बागेतल्या सूचना पाठ कराव्या लागत नाहीत. वाफा उन्हातला हवा, कारण झाग्रोसच्या उघड्या उतारावर सावली नसते. निचरा चांगला हवा, कारण उन्हाळ्यात झोपलेला कंद ओलीत कुजतो. वरच्या भोकात पाणी साचू नये म्हणून काही जण कंद तिरका लावतात. साल नसल्यामुळे तो लवकर सुकतो, म्हणून विकत आणल्यावर ठेवून न देता लगेच लावायचा. फुलं गेल्यावर पानं पिवळी पडेपर्यंत कापायची नाहीत, पुढच्या वर्षीची शिदोरी तीच भरतात. आणि जागा सारखी बदलायची नाही. हलवलेला कंद एखाद्या वर्षी नुसती पानं देऊन गप्प राहतो.

पुण्या-नाशिकच्या वाफ्यात मात्र हे सगळं करूनही दांडा वर येणार नाही. फुलण्याआधी कंदाला आठवडेच्या आठवडे कडक थंडी लागते आणि आपला हिवाळा तेवढा गार नाही. आपल्याकडे पावसाळ्यात कुंपणावर चढणारी कळलावी याच गणातली, दूरची नातलग. तीही जमिनीखालच्या कंदातून येते, तिचीही फुलं मान खाली घालतात आणि तीही विषारी. फरक हंगामाचा. तिचं घड्याळ मोसमी पावसावर चालतं, याचं वितळत्या बर्फावर.

आज बाजारात मिळणारे कंद प्रामुख्याने नेदरलँड्समधल्या शेतांतून येतात. मूळ मुलखात मात्र उलट्या ट्यूलिपची कुरणं चराई, खुडणं आणि कंद खणून नेणं यांनी विरळ होत आहेत. तुर्कस्तानात हे फूल तोडणाऱ्याला दंड होतो. इराणच्या चहारमहाल व बख्तियारी प्रांतात कूहरंगजवळच्या पठारावर वसंतात माणसांची रीघ लागते. पाहून परत जाणाऱ्याने काही बिघडत नाही, पण एक दांडा खुडला की त्या वर्षीचं बी गेलं आणि कंदाची कमाईही तुटली. बीपासून फुलापर्यंत यायला या झाडाला बरीच वर्षं लागतात. व्हिएन्नाच्या बागेला जेवढी काळजी परवडत होती, तेवढी आता त्या डोंगरालाच द्यावी लागणार आहे.