आकाशातल्या लहरींचीही पाळी असते



पाटाला पाणी सुटलं की पहिला प्रश्न येतो पाळीचा. वरच्याने चारी फोडली तर शेवटच्या वावरात थेंब पोचत नाही. रेडिओलहरींचंही तसंच. एकाच लहरीवर दोघे बोलू लागले, तर कोणाचंच धड ऐकू येत नाही. म्हणून 1906 साली बर्लिन येथे देशोदेशींचे प्रतिनिधी जमले व नियम ठरले. पुढे उपग्रह आले, तेव्हा 1963 साली जिनिव्हा येथे अवकाशासाठी लहरी वाटून दिल्या.

आपल्या देशात 1 ऑगस्ट 1975 पासून वर्षभर अमेरिकेच्या एटीएस-6 उपग्रहावरून सहा राज्यांतील सुमारे 2,400 खेड्यांत दूरदर्शन दिसलं. महाराष्ट्र त्या सहांत नव्हता. शेतीचे कार्यक्रम मात्र त्यात होते.

दूरचित्रवाणीचे असे उपग्रह सुमारे 36,000 किलोमीटर उंचीवर एकाच जागी उभे असल्यासारखे दिसतात. म्हणून घरावरची छत्री एकदा बसवली की हलवावी लागत नाही. पुढे इंटरनेटसाठी पुष्कळ खालून, थव्याने फिरणारे उपग्रह सोडण्याच्या योजना निघाल्या. त्यांनीही त्याच लहरी मागितल्या. तेव्हा 2000 साली इस्तंबूलच्या परिषदेत तोड निघाली: खालच्यांनी आपला जोर ठरीव मापात ठेवावा, वरच्यांच्या छत्र्यांना त्रास होता कामा नये.

आता खालचे म्हणतात, यंत्रं सुधारली, जुनं माप फार आवळ झालं. ते सैल केलं तर तेवढ्याच उपग्रहांतून जास्त घरं जोडता येतील. वरचे म्हणतात, आमच्या गिऱ्हाइकाचं चित्र बिघडेल. 2025 साली अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने या मापाचा फेरविचार सुरू केला. आपल्याकडे 2023 च्या दूरसंचार कायद्याने उपग्रहाच्या लहरी लिलावाने नव्हे, सरकारी वाटपाने द्यायचं ठरवलं. कारण या लहरी अनेकांनी मिळून वापरायच्या असतात.

यात आपलं काय? मनोरा न पोचलेल्या वाडीवर बाजारभाव कळायचा तर खालचा उपग्रह हवा. घरची छत्री चालायची तर वरचाही हवा. शेवटच्या वावराला पाणी मिळावं, पण जुन्याची पाळी बुडू नये, हे पाटावरचं शहाणपण तिथेही लागू आहे.

लक्षात ठेवा: कोणी बिनपरवाना उपग्रह-जोडणीचा संच विकायला आला, तर घेऊ नका. आधी परवाना विचारा.